ठोकळ्यांचा कॅटापल्ट: आधी फेक एकसारखी करा, अंतर नंतर वाढवा

प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा कॅटापल्ट, म्हणजे रबराने दांडा फिरवून गोळी फेकणारं यंत्र, तयार झाला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कुणाचा लांब गेला?" मग रबरावर रबर चढतात, दांडा वाकतो, बूड उचललं जातं आणि तासाभरात सगळं खोक्यात परत जातं. खेळ झालेला असतो, पण वेग, कोन, ऊर्जा यांपैकी एकही गोष्ट हाती लागलेली नसते. शनिवारी माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या यंत्रांत मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता नियमच केलाय: एकच गोळी दहा वेळा जवळपास त्याच जागी पडेपर्यंत अंतर वाढवायच्या मागे लागायचं नाही. फेक एकसारखी नसेल तर कोन बदलल्यामुळे अंतर बदललं की रबर जरा जास्त ताणला गेला म्हणून, हे कधीच कळत नाही.

खालची रचना याच एका हेतूने केली आहे. दिसायला साधी आहे. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

## काय काय लागेल

ठोकळे कोणत्याही कंपनीचे चालतील, मापं लेगोची हवीत: दोन खुंट्यांमधलं अंतर 8 मिमी आणि विटेची उंची 9.6 मिमी. (विटेवरच्या गोल उंचवट्याला मी खुंटी म्हणते.) वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे एकत्र असतील तर भोकांच्या विटा आणि अ‍ॅक्सल (भोकांतून जाणारी सळई) तरी एकाच संचातले घ्या. भोकात केसाएवढा फरक असला तरी दांडा अडकतो.

- 1×16 मापाच्या, कडेला 15 भोकं असलेल्या टेक्निक विटा: 5
- 1×2 मापाच्या, एक भोक असलेल्या टेक्निक विटा: 2
- 2×4 च्या साध्या विटा 14, 2×2 च्या 4, 1×4 च्या 16
- 7 भोकांच्या पट्ट्या 4 आणि काळ्या पिना 8
- 10 खुंट्यांएवढ्या लांबीचे अ‍ॅक्सल 4, 3 खुंट्यांएवढ्या लांबीचा अ‍ॅक्सल 1
- बुश (सळईवर घट्ट बसणारी छोटी कडी) 9, अर्धे बुश 2
- 1×4 ची गुळगुळीत टाइल 1, 2×2 ची प्लेट 1
- पायाची मोठी प्लेट आणि साधारण 40 सेंमी लांब लाकडी फळी
- एकसारखे रबरबँड 4, सपाट धरल्यावर 5 ते 6 सेंमी भरणारे
- पाण्याच्या बाटलीचं टोपण, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, जुन्या मोज्याची पट्टी
- स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मोजपट्टी, कोनमापक, वर्तमानपत्रं, थोडी रांगोळी

फॉइलच्या गोळीला माझी पहिली पसंती का, ते सांगते. 11 मायक्रॉन जाडीच्या फॉइलचा 30 सेंमी × 30 सेंमी तुकडा साधारण 2.7 ग्रॅम भरतो. एका तुकड्याची एक गोळी करा आणि दोन तुकड्यांची दुसरी. वजनकाटा नसला तरी दुसरीचं वजन पहिलीच्या बरोबर दुप्पट आहे हे पक्कं ठाऊक असतं. थर्माकोलची गोळी घेऊ नका, हवा तिला अडवते आणि मग गणित जुळत नाही.

सावधान: गोटी, खिळा, नाणं, खडा यांपैकी काहीही या यंत्रात घालायचं नाही. फेकणाऱ्यासकट सगळ्यांनी यंत्राच्या मागे किंवा बाजूला उभं राहायचं. दांडा खाली अडकवलेला असताना त्याच्यावर वाकून पाहायचं नाही, कारण धोका डोळ्यालाच असतो.

## टप्पा 1: गोळ्या आणि रबर आधी तयार करा

हे काम बहुतेक जण शेवटी करतात आणि तिथेच फसतात. गोळ्या तळहातावर घट्ट, गोल वळा. सैल गोळी पहिल्या आपटण्यात चेपते आणि पुढच्या फेकीला टोपणात वेगळी बसते.

नवा रबर पहिल्या काही ताणांनंतर थोडा सैल पडतो. म्हणून चारही रबर वापराएवढे ताणून सोडा, प्रत्येकी 20 वेळा. हे केलं नाही तर पहिल्या पाच फेकी लांब आणि पुढच्या आखूड पडतात, आणि मुलं समजतात यंत्र बिघडलं.

## टप्पा 2: पाया आणि दोन भिंती

पायाची प्लेट फळीवर टेपने घट्ट चिकटवा. तिच्यावर दोन समांतर भिंती उभ्या करा. प्रत्येक भिंत 16 खुंट्या लांब, दोघींच्या मध्ये 5 खुंट्यांची मोकळी जागा.

पहिला थर प्रत्येकी चार 2×4 विटांचा. दुसऱ्या थराची सुरुवात आणि शेवट 2×2 ने करा, मध्ये तीन 2×4, म्हणजे सांध्यावर सांधा येणार नाही. तिसऱ्या थराला, मधल्या मोकळ्या जागेकडच्या खुंट्यांच्या रांगेवर, प्रत्येक भिंतीवर एक 1×16 टेक्निक वीट बसवा.

आता भोकं मोजायची. ज्या दिशेने गोळी जाणार ती पुढची बाजू. पुढून पहिलं भोक 1, शेवटचं 15. हे आकडे पुढे सतत लागणार आहेत, म्हणून पेन्सिलीने 3, 9, 12 आणि 15 या भोकांपाशी खूण करून ठेवा.

तपासणी: 10 चा अ‍ॅक्सल दोन्ही भिंतींच्या भोक 9 मधून आरपार घाला. दोन बोटांनी फिरवल्यावर तो सहज फिरला पाहिजे. ढकलावा लागत असेल तर भिंती समांतर नाहीत. आत्ताच सुधारा, वरचे थर चढल्यावर ही चूक काढता येत नाही.

## टप्पा 3: दांडा आणि बिजागरी

पाचवी 1×16 टेक्निक वीट म्हणजे आपला दांडा. तिचं एक टोक बिजागरीचं. त्या टोकाकडून पहिल्या भोकातून भिंतींच्या भोक 9 चा अ‍ॅक्सल जाईल. दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बुश, भिंतींच्या बाहेर एकेक बुश. दांडा मागे आडवा टाकला की खुंट्या वरच्या बाजूला आल्या पाहिजेत.

आता या लेखातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. बिजागरीला अ‍ॅक्सलऐवजी काळी पिन वापरली जाते. काळी पिन हातात घेऊन उजेडात नीट पाहा: तिच्या अंगावर बारीक उभ्या कडा दिसतील. त्या मुद्दाम दिलेल्या असतात, पिन भोकात घट्ट बसून फिरू नये म्हणून. म्हणजे बिजागरीत काळी पिन घालणं हे दाराला बिजागरीऐवजी खिळा ठोकण्यासारखं आहे. रबराची बरीचशी ऊर्जा त्या घासण्यातच जाते, आणि दर वेळी सारखी जात नाही. फिरणाऱ्या जागी अ‍ॅक्सल, घट्ट धरायच्या जागी काळी पिन, ही फोड पक्की लक्षात ठेवा.

बुश दांड्याला चिकटवून दाबू नका. मध्ये वहीचा एक कागद सरकेल एवढी फट हवी.

तपासणी: दांडा बोटभर उचलून सोडा. तो आपल्या वजनाने पटकन खाली पडला पाहिजे. मध्येच थांबला तर बुश सैल करा.

दांड्यावर आता दोन गोष्टी बसवा. बिजागरीच्या टोकापासून 6 ते 9 या खुंट्यांवर 1×4 ची टाइल, कारण अडसर (दांड्याला वर थांबवणारा) आणि कळ (दांडा खाली धरून ठेवणारी) दोन्ही इथेच टेकणार आहेत आणि उघड्या खुंट्यांवर ती अडकतात. दुसऱ्या टोकाला 2×2 प्लेट आणि तिच्यावर टेपने चिकटवलेलं बाटलीचं टोपण.

## टप्पा 4: खांब, वरची वीट आणि कुलूप

तिसऱ्या थरावर, प्रत्येक भिंतीवर, पुढच्या बाजूला खुंटी 1 ते 4 वर आणि मागच्या बाजूला खुंटी 11 ते 14 वर 1×4 विटांचे चार-चार थरांचे खांब चढवा (थर 4 ते 7). सगळ्यात मागे, खुंटी 15-16 वर, 1×2 ची भोकाची वीट ठेवा. तिचं भोक खालच्या भोक 15 च्या बरोबर वर येतं. आठव्या थराला दोन्ही खांबांवरून 1×16 टेक्निक वीट. खालच्या आणि वरच्या विटेची भोकं आता एकावर एक आली.

इथपर्यंतचं बांधकाम दिसायला भक्कम असतं, पण तसं नसतं. ठोकळे वरून दाबले तर काही होत नाही, वर उचलणारा झटका मात्र त्यांना सोसत नाही. दांडा अडसरावर आदळतो तेव्हा नेमका तसाच झटका बसतो, आणि चार-पाच फेकींनंतर वरचा थर हळूच वर सरकतो. अडसर मिलिमीटरभर हलला की कोन बदलला.

यावर उपाय फार सुंदर आहे. 5 विटांची उंची 5 × 9.6 = 48 मिमी. भोकांमधली 6 अंतरं म्हणजे 6 × 8 = 48 मिमी. म्हणून तिसऱ्या आणि आठव्या थरातली भोकं 7 भोकांच्या उभ्या पट्टीच्या दोन टोकांशी अगदी बरोबर जुळतात. भोक 1 आणि भोक 13 वर, दोन्ही भिंतींना बाहेरून, अशा चार पट्ट्या काळ्या पिनांनी बसवा. थर मोजताना एकाची जरी चूक झाली तरी पट्टी बसणार नाही. जबरदस्ती करू नका, थर पुन्हा मोजा.

## टप्पा 5: अडसर

आठव्या थराच्या भोक 12 मधून 10 चा अ‍ॅक्सल आरपार, बाहेरून बुश. मधल्या भागावर मोज्याची पट्टी एकच वेढा घट्ट गुंडाळा. हा अडसर. दांडा वर येऊन त्याच्यावर थांबतो आणि गोळी पुढे निघून जाते.

अडसर कुठे हवा हे बहुतेक जण अंदाजाने ठरवतात आणि दांडा सरळ उभा होईपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जाऊ देतात. मग गोळी समोर जमिनीवर आपटते. कारण समजून घ्या: गोळी दांड्याच्या दिशेने जात नाही, दांड्याशी काटकोन करून सुटते. दांडा सरळ उभा असताना सुटली तर आडवी जाईल. दांडा उभ्या रेषेच्या 35 अंश मागे थांबला तर गोळी जमिनीशी साधारण 35 अंशांचा कोन करून निघेल. आपला अडसर बिजागरीच्या तीन भोकं मागे आणि पाच विटा वर आहे, त्यामुळे दांडा 35 अंशांच्या आसपास थांबतो.

तपासणी: दांडा हाताने अडसराला टेकवा, कोनमापक बाजूला धरा आणि उभ्या रेषेपासूनचा कोन लिहून ठेवा. 33 ते 37 मधला कोणताही आकडा चालेल. तो तुमच्या यंत्राचा आकडा. पुढच्या हिशोबासाठी मी 35 धरते.

## टप्पा 6: रबर

आठव्या थराच्या भोक 3 मधून आणखी एक अ‍ॅक्सल. दांड्याच्या पाचव्या भोकातून 3 चा अ‍ॅक्सल, दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आलेला. डाव्या बाजूला एक रबर, उजव्या बाजूला एक, पुढच्या अ‍ॅक्सलपासून दांड्यावरच्या अ‍ॅक्सलपर्यंत. रबर निसटू नये म्हणून लहान अ‍ॅक्सलच्या टोकांना अर्धे बुश लावा.

रबर एकाच बाजूला लावला तर दांडा तिरपा ओढला जातो. एका मुलीची गोळी दर वेळी वीतभर डावीकडे पडायची. भिंती तपासल्या, बिजागरी तपासली, सगळं ठीक. शेवटी दिसलं की तिचा डावा रबर अ‍ॅक्सलवर दुहेरी वेढा घेऊन बसला होता, म्हणजे आखूड झाला होता.

दुसरी चूक जास्त गोंधळात टाकते. रबराचं पुढचं टोक खाली, बिजागरीच्याच उंचीवर बांधलं जातं. दांडा मागे आडवा केला की रबर, बिजागरी आणि दांडा एका रेषेत येतात. रबर भरपूर ताणलेला असतो, पण त्याची ओढ थेट बिजागरीतून जाते आणि दांडा हलतच नाही. बळ कितीही असो, फिरवायला ते बिजागरीपासून काही अंतरावरून लागावं लागतं. पुढचा अ‍ॅक्सल पाच विटा वर ठेवलाय तो एवढ्यासाठीच.

## टप्पा 7: कळ

बोटाने दांडा खाली धरून सोडू नका. बोट कधी पटकन निघतं, कधी रेंगाळतं. दांडा आडवा करा आणि चौथ्या थरातल्या त्या 1×2 विटांच्या भोकांतून (भोक 15 च्या वर) 10 चा अ‍ॅक्सल दांड्यावरून आरपार घाला. एका टोकाला बुश, त्याला हातभर दोरा. दोरा बाजूला सरळ ओढला की अ‍ॅक्सल निघतो आणि दांडा सुटतो. दोरा वर किंवा पुढे ओढू नका, त्याने सगळं यंत्र हलतं. फळीवर मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं ठेवा.

सावधान: कळ लावलेली ठेवून पाणी प्यायला जायचं नाही. रबर ताणलेला राहिला की सैलावतो, आणि कुणाचा धक्का लागला तर यंत्र सुटतं.

## टप्पा 8: दहा फेकी

समोर वर्तमानपत्रं अंथरून त्यांच्यावर चिमटीने रांगोळीचा अगदी पातळ थर भुरभुरवा. गोळी जिथे पहिल्यांदा टेकते तिथे रांगोळी उडते आणि खूण राहते. घरंगळत जाऊन थांबली ती जागा मोजायची नाही. ही चूक मोठी माणसंसुद्धा करतात. घरंगळणं फरशीवर अवलंबून असतं, फेकीवर नाही.

अंतर मोजायचं ते अडसराला टेकलेल्या दांड्याच्या टोपणाखालच्या जमिनीवरच्या बिंदूपासून.

दहा फेकी करा, दहाही आकडे लिहा. आवडला नाही म्हणून आकडा खोडायचा नाही. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड यांतला फरक सरासरीच्या दहाव्या भागापेक्षा कमी आला तर पुढे जा. जास्त आला तर या क्रमाने पाहा: फळी हलते का, अडसर वर सरकलाय का, बुश घट्ट झालेत का, गोळी टोपणात दर वेळी तशीच ठेवली जाते का. टोपण फार खोल असेल तर गोळी काठाला अडून उशिरा सुटते. काठ कात्रीने थोडा कमी करा, हे काम मोठ्यांनी करावं.

मोबाइलमध्ये सेकंदाला 240 चौकटींचं स्लो मोशन असेल तर एक फेक बाजूने टिपा. दोन चौकटींमध्ये सुमारे 4.2 मिलिसेकंदांचं अंतर असतं. गोळी टोपण नक्की कुठे सोडते ते थांबवून थांबवून पाहता येतं, आणि मुलं हे पाहताना अगदी गप्प होतात.

## टप्पा 9: आता एका वेळी एकच गोष्ट बदला

कोन. अडसर पुढेमागे करून कोन बदलू नका. अडसर हलवला की दांड्याचा प्रवासही कमी-जास्त होतो, म्हणजे रबराने दिलेली ऊर्जाही बदलते. एका फेकीत दोन बदल, आणि श्रेय मात्र एकालाच. त्याऐवजी अख्खी फळीच तिरकी करा. 40 सेंमी फळीचं एक टोक 7 सेंमी उचललं की 10 अंश होतात, 13.7 सेंमी उचललं की 20 अंश. मागचं टोक 7 सेंमी उचला: 25 अंश. सपाट: 35. पुढचं टोक 7 सेंमी: 45. पुढचं टोक 13.7 सेंमी: 55. फळी तिरकी असताना पुस्तकं घसरतात, तेव्हा एकाने ती हाताने धरावी.

गणित सांगतं की अंतर = वेगाचा वर्ग × साइन (2 × कोन) ÷ 9.8. समजा 35 अंशांना 2.20 मीटर आले. तर 45 ला सुमारे 2.34, 25 ला 1.79 आणि 55 ला पुन्हा 2.20 यायला हवेत. आधी हे आकडे कागदावर लिहा, मग फेका. 35 ची गोळी 55 च्या गोळीपेक्षा थोडी पुढे पडेल. गोळी जमिनीवरून नाही, टोपणाच्या उंचीवरून सुटते, आणि चपट्या मार्गाने येणाऱ्या गोळीला त्या उंचीचा फायदा जास्त मिळतो.

याच सूत्रातून वेगही काढता येतो: 2.20 × 9.8 ÷ 0.94 चं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला साधारण 4.8 मीटर.

रबर. फळी पुन्हा सपाट करा. दोन्ही बाजूंना आणखी एकेक तसाच रबर लावा. ऊर्जा दुप्पट झाली, तर वेग दुप्पट होईल असं जवळपास प्रत्येक मूल सांगतं. वेग होतो 1.41 पट. अंतर मात्र वेगाच्या वर्गावर चालतं, म्हणून ते दुप्पटीच्या जवळ जातं. थोडं कमी भरलं तर काळजी करू नका, घर्षण आहेच. तिसरी जोडी लावू नका, अ‍ॅक्सल वाकतात.

वजन. जादा रबर काढा आणि दोन तुकड्यांची गोळी घ्या. वजन दुप्पट, म्हणून अंतर निम्मं, असा अंदाज बांधला जातो. तसं होत नाही. 2.20 चे 1.60 झाले असं समजू. रबर फक्त गोळीला ढकलत नाही, दांडा आणि टोपणही त्यालाच फिरवावं लागतं. दांड्याच्या या वाट्याला M आणि एका गोळीच्या वजनाला m म्हणा. अंतर (m + M) च्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणून 2.20 ÷ 1.60 = (2m + M) ÷ (m + M). सोडवलं की M येतो 1.67 m, म्हणजे सुमारे 4.5 ग्रॅम. दांडा टोपणापाशी एकवटलेल्या साडेचार ग्रॅम वजनासारखा वागतोय, आणि हे कळायला तो तराजूत घालावा लागला नाही. तुमच्या आकड्यांनी तुमचा M काढा. मग टोपण काढून त्याजागी 1×2 च्या चार विटांचा छोटा वाडगा बांधा, पुन्हा दहा-दहा फेकी करा आणि M किती वाढला ते पाहा.

काम संपलं की रबर काढून पाकिटात, सावलीत ठेवा. यंत्रावर ताणलेले राहिले तर पुढच्या आठवड्यात टप्पा 8 पासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.